पालोमाचं मागचं डावं चाक

एकाच घरात राहून माझ्या सासऱ्यांनी बारा वर्षांत मला एकदाही नावाने हाक मारली नाही. ते मला 'ऑफिसवाला' म्हणत. "ऑफिसवाल्याला अजून रस्सा वाढ." "ऑफिसवाल्याला सांग, दार आपटू नको." मी समोर बसलेला असताना हे सगळं बर्नाडेटला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं जायचं. मी गाड्यांच्या नोंदणीच्या ऑफिसात एकोणीस वर्षं चार नंबरच्या खिडकीत बसतो, त्यामुळे शब्द खोटा नव्हता. पण आमच्या एस्पान्योला गावात माणसाची पत त्याच्या गाडीवरून ठरते, आणि माझी गाडी राखाडी, चार दारांची. दुकानाबाहेर लावली की माझी मलाच सापडत नाही.

असे हे फिलिबेर्तो सासरे गेले आणि जाताना आपली पालोमा मला ठेवून गेले.

पालोमा ही चौसष्ट सालची इम्पाला गाडी. रंग पिकल्या चेरीचा, पोट रस्त्यापासून चार बोटं वर, आणि चाल इतकी संथ की मिरवणुकीत पायी चालणारी माणसं पुढे निघून जायची. ती तशीच चालवायची असते. जोरात गाडी हाकणाऱ्याकडे आमच्या खोऱ्यात लोक कीव करून बघतात. दर शनिवारी सासरे अंगणात पालथ्या बादलीवर बसून तिची चाकं घासत. पॉलिशची चाकं होती ती, उघडं ॲल्युमिनियम. घासलं तर चांदी, नाही घासलं तर जुनं पातेलं. त्यांच्या पाठीमागे ओसरीवर दोन लोखंडी खुर्च्या. एकीवर सासूबाई कॉफी घेऊन बसायच्या, दुसरी त्यांची, घासून झाल्यावर टेकायला. चाळीस वर्षं हा कार्यक्रम चालला. ते चाकाकडे बघायचे, त्या त्यांच्या पाठीकडे, आणि तासन् तास कुणी अवाक्षर बोलायचं नाही. मला वाटायचं, यांचं काहीतरी जुनं भांडण असणार.

गाडीबरोबर मला एक कॉफीचा डबासुद्धा मिळाला. त्यात अर्धं उरलेलं पॉलिश, काळंकुट्ट फडकं आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीत एकच शब्द होता: 'शनिवारी.' आता तुम्हीच सांगा, ही काय भेट म्हणायची? मेल्यानंतरही माणूस कामाला लावतो म्हणजे काय? मी तो डबा शेडमध्ये रंगाच्या डब्यांमागे ढकलला आणि विसरलो. चाकंही विसरलो. वर्षभरात त्यांच्यावर पांढरट बुरशी चढली.

हे चालून गेलं असतं, पण सासूबाईंचं कठीण होऊन बसलं. सासूबाई, म्हणजे दोन्या सेनाइदा, गावात दरारा असलेली बाई. पण नवरा गेल्यापासून त्यांनी घराचा उंबरठा ओलांडला नव्हता. ओसरीवरसुद्धा आल्या नव्हत्या. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी फिलिबेर्तोंच्या वर्षाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, होती. आमच्याकडे ती मिस्सा झाली की दुखवटा उतरतो, काळे कपडे पेटीत जातात, आणि गेलेला माणूस खऱ्या अर्थाने गेला असं धरतात.

"आई त्या दिवशी घराबाहेर पडली नाही ना, एलोय, तर ती पुन्हा कधीच पडणार नाही," बर्नाडेट म्हणाली. ती भांडी घासत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. यावरून मी काय ते समजलो.

सासूबाईंनी आतल्या खोलीतून अट कळवली. येईन, पण त्याच्याच गाडीतून. आणि चाकं चमकलेली हवीत.

चार आठवडे हातात होते.

मी चूक केली ती अशी, की अंगणात उभा राहून मोठ्याने म्हणालो, "चाकांचं काय करावं?" कुंपणापलीकडे बेलार्मिनोकाका हिरव्या मिरच्या भाजत होते. चाळीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेला माणूस; त्यांना मत विचारावं लागत नाही.

"क्रोम," ते म्हणाले. "क्रोमचा मुलामा चढव, जावईबुवा. ओलं फडकं मारलं की झालं. पॉलिश हे रिकामटेकड्यांचं काम."

"पण सासऱ्यांनी आयुष्यभर पॉलिश..."

"त्यांना जावई होता, तरी स्वतः घासत बसले. तुला तर जावई पण नाही."

रविवारपर्यंत अख्ख्या गल्लीत दोन पक्ष पडले. क्रोमवाले म्हणत, क्रोम निळसर असतं, लखलखीत असतं, त्यात दातात अडकलेलं दिसतं. पॉलिशवाले म्हणत, क्रोमच्या खाली एकदा का थंडीत बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ शिरलं की पापुद्रे सुटतात, आणि मग गाडी महारोग झाल्यागत दिसते. माझ्या चाकांवरून दोन सख्ख्या बहिणींनी बोलणं टाकलं असं मला कळलं. माझं मत कुणीही विचारलं नाही.

मधल्या काळात गाडी माझ्या नावावर करायची होती, नाहीतर मिस्सेला जाताना मला माझ्याच ऑफिसच्या नियमाने अडवलं असतं. मी आमच्याच ऑफिसात यंत्राचं बटण दाबून क्रमांक घेतला. बासष्ट. पन्नास मिनिटं बाकावर बसलो. तीन नंबरच्या खिडकीत प्रिसिला. हिच्याबरोबर मी सोळा वर्षं रोज जेवतो.

"ओळखपत्र," प्रिसिला म्हणाली.

"अगं प्रिसिला, मी एलोय."

"ते ओळखपत्रावरून कळेल."

कागद सासऱ्यांनी स्वतः भरून, सही करून गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला होता. प्रिसिलाने तो एक एक रकाना करून वाचला आणि एका ठिकाणी थांबली. मग काचेच्या भोकातून, मागच्या साठ लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने वाचलं, "हस्तांतराचं कारण: घासायला शिकेल म्हणून." तिने वर बघितलं. "हे कारण यादीत नाहीये, एलोय. मी 'भेट' लिहू का?"

मी म्हटलं, लिही. त्या दिवशी डबा घेऊन मी एकटाच मागच्या जिन्यावर जेवलो, आणि तिथेच ठरवलं: क्रोम. मी शिकणार नाही.

चाकांचं काम खोऱ्यात एकच माणूस करतो, ओनेसिमो. त्याच्या हाताला दोन बोटं कमी आहेत, त्यामुळे त्याच्या बोलण्याला वजन आहे. त्याने सासऱ्यांची चाकं उचलून उजेडात फिरवली.

"क्रोम? नक्की? एकदा विचार कर. पॉलिशमध्ये जो घासतो त्याचं दिसतं. क्रोममध्ये काय वाट्टेल ते दिसतं."

"मला मेहनत नको," मी म्हणालो.

"ते कळलं," ओनेसिमो म्हणाला, आणि चाकं आत घेऊन गेला.

नऊ दिवसांनी चाकं आली. बसवली. अंगणभर कवडसे नाचायला लागले. मी ओलं फडकं घेऊन पालथ्या बादलीवर बसलो, एकेक चाक पुसत मागच्या डाव्या चाकापाशी आलो आणि कौतुकाने आत बघितलं. माझं नाक दिसलं, भलंमोठं. माझ्यामागे आमची ओसरी दिसली. ओसरीवर दोन खुर्च्या दिसल्या. त्यातल्या उजवीकडच्या खुर्चीवर कुणीतरी बसलं होतं.

मी वळून बघितलं. खुर्च्या रिकाम्या. दुपारचे दोन वाजले होते, ऊन मी म्हणत होतं, मिरच्यांचा वास सुटला होता. मी पुन्हा चाकात बघितलं. तपकिरी टोपी, खाकी सदरा, डाव्या खांद्याला शिवण उसवलेली. ती शिवण मी ओळखली, कारण तो सदरा घालूनच आम्ही त्यांना पुरलं होतं. आणि ते माझ्याकडे पाठ करून बसले होते. खुर्ची भिंतीकडे वळवून.

मी बाकीची तीन चाकं तपासली. त्यांत फक्त मी. मग मी घरात गेलो, दोन पेले पाणी प्यालो आणि स्वतःला सांगितलं की चाकाला बाक असतो, उजेड वाकतो, आणि मी सरकारी माणूस आहे.

संध्याकाळी बेलार्मिनोकाका चाकं बघायला आले. वाकले. बराच वेळ वाकून राहिले. मग कंबर सरळ करत म्हणाले, "फिलिबेर्तो जरा वाळलेत, नाही?"

"तुम्हालाही दिसतात?"

"मला डोळे आहेत. पाठ का केलीय पण? काय बोललास तू त्यांना?"

म्हणजे इथेही चूक माझीच. मी काकांना शपथ घातली की घरात कुणाला सांगायचं नाही. शपथ त्यांनी पाळली. घर सोडून सगळीकडे सांगितलं. दुसऱ्या दिवशी तीन माणसं 'क्रोम बघायला' म्हणून आली आणि सासूबाईंच्या खिडकीसमोरच टोप्या काढून उभी राहिली.

पण घरात सांगायची वेळच आली नाही. सोमवारी सकाळी दहाला जाळीचं दार वाजलं. मी बघतो तर सासूबाई. वर्षभरात पहिल्यांदा उंबरठ्याबाहेर. काळे कपडे, एका हातात ताटली, दुसऱ्या हातात कॉफीचे दोन कप. त्या सरळ पायऱ्या उतरल्या, मागच्या डाव्या चाकासमोर माझ्या बादलीवर बसल्या, एक कप जमिनीवर ठेवला आणि चाकात बघायला लागल्या. बर्नाडेट स्वयंपाकघराच्या खिडकीत तोंडावर हात ठेवून उभी होती. तिला वाटलं, आईला गाडी आवडली. ती रडत होती.

मी भीत भीत जवळ गेलो. "आई, तुम्हाला..."

"रुसलाय," सासूबाई म्हणाल्या. "रुसला की भिंतीकडे तोंड करतो. लग्न झालं तेव्हापासून असंच." त्यांनी ताटलीतलं एक बिस्कोचितो बिस्किट मोडून अर्धं कपाजवळ ठेवलं. "क्रोम कुणी ठरवलं?"

"दुकानदार म्हणाला की..." मी ओनेसिमोवर ढकललं.

"अच्छा, दुकानदार." एवढंच. मग चाकाकडे बघून त्या म्हणाल्या, "त्यानं तोंड फिरवलं की मी मिस्सेला जाईन. माझ्याकडे न बघता त्याला निरोप देणार नाही. तोवर सगळ्यांनी गप्प बसायचं."

त्या रोज दहाला यायला लागल्या. त्याला गावातल्या बातम्या सांगायच्या. कोण वारलं, कुणाची मेंढी कुणाच्या शेतात गेली. घरात वर्षभर चार शब्द न बोललेली बाई तासभर बोलायची आणि मध्येच हसायची. पण तो पाठमोरा माणूस काही हलायचा नाही. मी ऑफिसला उशीर करून खिडकीतून बघायचो. सासरे नुसते बसलेले असते तर एकवेळ चाललं असतं. हळूहळू माझी खात्री पटत चालली, की ते भिंतीकडे बघत नाहीयेत. ते ऐकतायत, आणि माझं नाव निघायची वाट बघतायत.

दुसऱ्या आठवड्याचा बुधवार आला. मिस्सा शनिवारी. माझी झोप उडाली होती, ऑफिसात मी एका माणसाला त्याचं लायसन्स द्यायच्या ऐवजी माझं दिलं.

"चिमायोची माती," बेलार्मिनोकाका कुंपणावरून म्हणाले. "माझा गुडघा तिनेच बरा केला. रुसलेल्या माणसाला नाही का चालणार? थोडी चोळ की."

आमच्याकडे प्रत्येक घरात चिमायोच्या देवळातली माती असतेच, मुरांब्याच्या बाटलीत, देवाच्या फळीवर. कंबर दुखली, लाव. पोर रडलं, लाव. मी गाड्यांच्या खात्यातला माणूस. कुठल्याही पृष्ठभागाला काय लावावं याची छापील पत्रकं मी लोकांना वाटतो. पण त्या सकाळी मला एवढंच आठवलं की माती पवित्र आहे. तिच्यात वाळू आहे हे आठवलं नाही. मी ओल्या फडक्यावर चिमूटभर माती घेतली, पाठ होती तिथे ठेवली आणि 'आमच्या बापा' ही प्रार्थना म्हणत मन लावून गोल गोल चोळली. चांगली पाच मिनिटं.

आमेन म्हणून फडकं काढलं तेव्हा तिथे काहीच नव्हतं. ओसरी नव्हती, खुर्ची नव्हती, माझं नाकसुद्धा नव्हतं. नुसता ओरखड्यांचा धुरकट चट्टा.

जाळीचं दार वाजलं. दहा वाजले होते.

सासूबाई बादलीवर बसल्या. कप खाली ठेवला. बघत राहिल्या. चाकावर हात फिरवला, मग पदराने, म्हणजे त्यांच्या काळ्या शालीच्या टोकाने, हलकेच पुसून बघितलं. त्या ओरडल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

"पाठ होती," त्या शेवटी म्हणाल्या. "ती पण घालवलीस."

त्या उठून आत गेल्या. दोन्ही कप तसेच राहिले. आतून कडी लागल्याचा आवाज आला. बर्नाडेट बाहेर आली, तिने चाक बघितलं, मातीची बाटली बघितली, माझ्याकडे बघितलं. "तू काय केलंस, एलोय?" ती इतकी हळू म्हणाली की मला मरावंसं वाटलं.

चारही चाकं काढून मी राखाडी गाडीत घातली आणि आयुष्यात पहिल्यांदा जोरात गाडी हाकली. सगळं खोरं माझ्याकडे कीव करून बघत होतं.

ओनेसिमोने चट्ट्यावरून उरलेली तीन बोटं फिरवली आणि हुंगून बघितलं. "चिमायो?"

"हो."

"या वर्षातला तू चौथा." तो हसला नाही. "पुन्हा क्रोम चढवायला दोन आठवडे. उतरवून देतो परवापर्यंत. पण खाली उघडं ॲल्युमिनियम निघेल, मळकं. ते कुणीतरी घासायला लागेल. माझ्याकडे माणूस नाही."

"मी घासतो."

"तू?" ओनेसिमो म्हणाला. मग माझ्या हातांकडे बघून म्हणाला, "बरं. चारही उतरवतो. फिलिबेर्तो एका चाकापुरते माणूस नव्हते."

शुक्रवारी संध्याकाळी चाकं बसली. काळपट, आंधळी. मी शेडमध्ये शिरलो, रंगाचे डबे उपसले आणि तो कॉफीचा डबा शोधून काढला. ऑफिसातून आणलेली स्वच्छ फडकी माझ्याकडे होती, पण माझा हात आपोआप त्या काळ्या फडक्याकडे गेला. चिठ्ठी अजून आत होती.

शनिवारी उजाडताच बादलीवर बसलो. मिस्सा अकराला. पुढची दोन चाकं आणि मागचं उजवं बर्नाडेट आणि बेलार्मिनोकाकांनी घेतलं. काका म्हणाले, आपण क्रोमचे, पण आता काय करणार. मागचं डावं माझं. तुम्ही कधी ॲल्युमिनियम घासलंय? पहिला तासभर ते फक्त तुम्हाला काळं करतं. हात, कोपर, कान. खांदा उतरून हातात येतो. मग काळ्यातून अचानक एक नाण्याएवढा तुकडा उजळतो, आणि तुम्हाला इतका आनंद होतो की लाज वाटावी.

माझ्या नाण्याएवढ्या तुकड्यात एक बूट दिसला.

मी घासत राहिलो. दुसरा बूट. गुडघे. गुडघे माझ्या दिशेला होते. मी वळून बघितलं नाही. वळून काही उपयोग नसतो हे मी शिकलो होतो. मांडीवर ठेवलेले हात दिसले, नखांत काळं. माझ्या नखांत होतं तसंच. साडेदहा वाजले. चर्चच्या घंटा सुरू झाल्या. टोपीची कड दिसली, मग टोपीखालचा चेहरा. क्रोममध्ये दिसायचं तसं लख्ख नव्हतं, जरा उबदार, पाण्यात दिसावं तसं. पण ते फिलिबेर्तोच होते आणि सरळ माझ्याकडे बघत होते.

"आई," मी ओरडलो. "आई, बाहेर या. तोंड फिरवलंय."

कडी निघाली. सासूबाई आल्या, केस विंचरलेले, पण शाल अर्धवट. पायऱ्या उतरून माझ्या पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या. चाकातले सासरे माझ्यावरून नजर काढेनात. मग त्यांनी हात उचलला आणि बोट दाखवलं. खाली, डाव्या बाजूला, जिथे अजून हातभर काळं राहिलं होतं.

आता मी खरं सांगतो, मला राग आला. चार तास. कान काळे. मेलेला माणूस, आणि अजून माझ्या कामात खोड काढतोय.

"अकराला दहा कमी," बेलार्मिनोकाका म्हणाले. "राहू दे तेवढं. कोण बघतंय?"

ते बोट तसंच होतं. मी दात-ओठ खाऊन वाकलो आणि तो काळा तुकडा घासायला लागलो. घासला, घासला, आणि तो उजळला. त्यात एक काळी शाल दिसली. मग एक हात, शाल घट्ट धरलेला. मग सासूबाईंचा चेहरा. त्या जिथे उभ्या होत्या ती जागाच चाकात नव्हती. मी घासलीच नव्हती. फिलिबेर्तोंना त्या दिसतच नव्हत्या.

फिलिबेर्तोंनी बोट खाली घेतलं. माझ्यावरून नजर काढली आणि तिच्याकडे बघितलं. चाळीस वर्षं ते शनिवारी बादलीवर बसून कुठे बघत होते, ते मला तेव्हा कळलं.

मी मध्ये बसून हललो नाही, मुंग्या आल्या तरी. केवढा वेळ गेला मला ठाऊक नाही. घंटा थांबल्या होत्या.

"चला," सासूबाई म्हणाल्या. "फादर खोळंबलेत."

मिस्सेला आम्ही पंचवीस मिनिटं उशिरा पोचलो, कारण पालोमा जोरात चालवता येत नाही. मी काळ्या हातांनी, काळ्या कानांनी पहिल्या बाकावर बसलो. सासूबाई सरळ बसल्या होत्या आणि एकदाही रडल्या नाहीत. सोमवारी काळे कपडे पेटीत गेले. आता त्या बाजारात जातात, दरारा पूर्वीसारखा झालाय, आणि बेलार्मिनोकाका मी पहिल्यापासून पॉलिशच म्हणत होतो असं सांगत फिरतात.

ओसरीवरच्या खुर्च्या दोन्ही रिकाम्या असतात, बघावं तेव्हा. चाकात मात्र कधी एक भरलेली असते, कधी नाही. आठवडाभर न घासता राहिलं तर चेहरा आधी पुसट होतो. म्हणून मी राहू देत नाही.

मिस्सेनंतरच्या शनिवारी दहाला मी बादलीवर बसलो होतो, तेव्हा जाळीचं दार वाजलं. सासूबाई आल्या. ताटलीत बिस्कोचितो होते. कॉफीचा एक कप त्यांनी स्वतःच्या खुर्चीपाशी ठेवला, एक शेजारच्या खुर्चीपाशी, आणि पायऱ्या उतरून तिसरा माझ्या बादलीजवळ ठेवला.

"एलोयला द्यायला सांगितलीय," त्या म्हणाल्या.